पुसले गेलेले बिघाड

ऑफिसात तिला सगळे मोडतोडमावशी म्हणत. कामच तसं होतं. प्रोसेसर कारखान्यात जाण्याआधी त्याची कॉम्प्युटरमधली प्रतिकृती तिच्याकडे येई. त्यातली एकेक तार ती मुद्दाम कायमची बिघडवायची आणि तरीही प्रोसेसर नीट चालतो का, हे मोजायची. घरी मात्र तिच्या हातून आजवर साधा कपही फुटला नव्हता.

या वेळचा प्रोसेसर तान्ह्या बाळांच्या श्वासयंत्रात बसणार होता. मावशीने दहा हजार बिघाड घातले, एकदाही उत्तर चुकलं नाही. साहेब खूश झाले, तिने अहवालावर सही ठोकली. पण मनात शंकेची पाल चुकचुकत राहिली. इतका गुणी प्रोसेसर तिने बावीस वर्षांत पाहिला नव्हता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने बिघाड घालणारा स्वतःचाच प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला, आणि सापडलं. तारेवर चुकीचा आकडा तिने एकदाच लिहिला होता, धरून ठेवलाच नव्हता. पुढच्याच क्षणी प्रोसेसर त्यावर बरोबर आकडा लिहून मोकळा! दहा हजारांतला एकही बिघाड कायमचा नव्हता. आकडा धरून ठेवा, हेच ती नव्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावत असे. आता बोल कुणाला लावायचा? आपलेच दात, आपलेच ओठ.

दुपारी प्रोसेसर कारखान्यात जाणार होता. ती गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. तरी ती साहेबांच्या खोलीत गेली आणि सही मागे घेते म्हणाली. साहेब तापले. तारीख, गिऱ्हाईक, कंपनीची अब्रू, सगळं काढलं.

"चार दिवस द्या," ती म्हणाली. "श्वास कमी पडतोय, हे बाळाला सांगता येत नाही हो."

साहेबांनी दिले.

नव्या मोजणीत चार बिघाड असे निघाले, की प्रोसेसर चुकत होता आणि पडद्यावर सगळं ठीक दाखवत होता. आराखडा करणाऱ्यांनी तिथे तपासणी बसवली. मावशीने पुन्हा सगळं मोडून पाहिलं. चारही वेळा धोक्याची घंटा वाजली. तिला रडूच फुटलं, इतकं हायसं वाटलं.

रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, आज स्वारी एवढी खुशीत कशी?

"मोठी चूक सापडली."

"कुणाची?"

"माझी," म्हणत तिने आणखी भात वाढून घेतला.