शेजारच्या छपरावर पडलेलं झाड

सायकली दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली चाकवाले म्हणायची. आपल्याच अंगणातल्या जुन्या झाडाखाली त्यांचं बस्तान, आणि त्याच झाडाच्या फांद्या शेजारच्या वहिनींच्या छपरावर आलेल्या. वहिनी कपडे शिवायच्या. झाडं तोडणाऱ्याने खोडावर हातोडी मारून सांगितलं होतं, "आतून पोकळ झालंय. उतरवून टाका."

वहिनी तर भेटतील तेव्हा हात जोडायच्या. "भावजी, माझी मशीन अगदी त्याच्याखाली आहे हो!"

"माझ्या घराचा विमा उतरवलाय, वहिनी. झाड पडलंच, तर त्यातून तुमचंही नुकसान भरून मिळेल. उगाच कशाला घोर लावून घेता?" चाकवाले हसण्यावारी न्यायचे. खरं कारण त्यांच्या मनात होतं. झाड गेलं की उन्हात बसून पंक्चरं काढावी लागणार.

एका दुपारी जोराचा वारा सुटला आणि झाड आडवं झालं. छप्पर फुटलं, मशीन मोडली, वहिनींचं मनगटही.

विमा कंपनीचे साहेब पाहणीला आले. "झाड धोक्याचं आहे असं आधी कुणी सांगितलं होतं का? सांगूनही तोडलं नसेल, तर भरपाई मिळणार नाही."

चाकवाले खाली वाकून मोडक्या फांद्या गोळा करू लागले. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेल्या वहिनीच बोलल्या, "छे हो! चांगलं हिरवंगार होतं."

चाकवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब फाटकाबाहेर पडले तसे ते मागे धावले. "साहेब, वहिनी कितीदा म्हणाल्या होत्या. मीच कानाडोळा केला."

कंपनीने हात वर केले. वहिनी भडकल्या. "मी खोटं बोलले ते छपरासाठी, तुमच्यासाठी नव्हे! आता डोक्यावर काय घेऊ, तुमचा खरेपणा?"

आपलं मन हलकं करतानाही भुर्दंड वहिनींनाच पडला, हे चाकवाल्यांच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं.

त्यांनी आपली मोटारसायकल विकली आणि छपराचं काम काढलं. तोवर वहिनींना चाकवाल्यांच्या बायकोने आपल्या घरातली पुढची खोली दिली. मशीन चाकवाल्यांनीच खटपट करून चालू केली. घेतलेली कामं अडू नयेत म्हणून ते शिवायलाही बसले.

"टाके घालताय की ठिगळं चिकटवताय?" वहिनी करवादायच्या. बायको खुदकन हसायची. ते मुकाट्याने उसवायचे.

छप्पर झालं, वहिनी घरी गेल्या. मनगट मात्र वाकडंच राहिलं; कात्री धरवत नाही. रोज दुकान आवरलं की चाकवाले तिकडे जातात. वहिनी डाव्या हाताने खडूच्या रेघा मारतात, ते कापतात. गप्पाही होतात आताशा. फक्त त्या उजव्या हाताकडे त्यांना अजून बघवत नाही.