काचेचं कापड आणि एक न वाचलेली ओळ

मन्मथआप्पा गेल्याचा निरोप घेऊन त्यांचा मुलगा पेडगावहून परभणीला आला, तेव्हा मी चप्पल घालून त्यांच्याकडेच निघालो होतो. आदल्या दिवशी 'उद्या येतो' असा शब्द देऊन आलो होतो ना... मला लगेच रडू आलं नाही. आधी वाटली ती भीती, आणि ती नवी नव्हती. आप्पांच्या शेजारी बसून मी ती आयुष्यभर बाळगली.

हे सुरू झालं तेव्हा निजामाचं राज्य जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. मी पेडगावच्या शाळेत मास्तर, आप्पा बैलगाड्या रंगवणारे. हैदराबादला निघून गेलेल्या एका जागीरदाराची मोटार मागे पडून सडली होती, ती आप्पांनी रंगकामाच्या बदल्यात आणली. इंजिन ठीक, पण मडगार्डाची चाळण झालेली आणि दारं गंजानं आतून खाल्लेली. "कोंबड्यांची सोय झाली म्हणा आप्पा," म्हणून गाव हसायचं. आप्पांच्या डोक्यात मात्र पक्कं होतं, अडलेल्या बाळंतिणीला बैलगाडीत घालून परभणीला न्यायची पाळी गावावर पुन्हा यायची नाही. पत्रा मिळेना, तेव्हा मुंबईत होड्यांच्या दुरुस्तीवर असलेल्या त्यांच्या मेव्हण्यानं एक नवाच प्रकार पाठवून दिला. काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड, मधासारख्या घट्ट राळेचा डबा, दोन बाटल्या, एकीत पाण्यासारखं आणि दुसरीत जांभळं औषध, आणि सोबत इंग्रजीत छापलेला कागद.

"वाचा की मास्तर, तुमच्याबिगर कोन वाचनार हाय?" आप्पा म्हणाले. माझं सगळं शिक्षण उर्दूतून, इंग्रजी मॅट्रिकपुरतं. पण अंगणात अर्धी गल्ली जमलेली, नाही कसं म्हणणार? गंज खरवडा, कापड कापा, दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं राळेत घाला, कापडावर राळ चोपडा, एवढं मी ऐटीत सांगितलं. अगदी खाली बारीक अक्षरात एक लांबलचक ओळ होती. ती धड कळेना. मी क्षणभर थांबलो... आणि कागदाची घडी घातली. "बाकी काय खास न्हाई," म्हणालो.

रंगाऱ्याच्या हाताला एक सवय असते. टर्पेंटाइन आणि रंग वाळायचं औषध, ही दोन्ही पातळं आधी एकत्र करायची, मग घट्ट रंगात ओतायची, म्हणजे गुठळी होत नाही. आप्पांनी तेच केलं. एका वाटीत पाण्यासारखं आणि जांभळं, दोन्ही औषधं ओतली. फसफस झाली, धूर निघाला आणि वाटी तोंडावर उडाली. "माय गं, डोळे!" आप्पा जमिनीवर लोळायला लागले. आप्पांच्या बायकोनं, गिरजावहिनींनी, भरलेली घागर उचलली आणि "डोळे मिटू नगा, अवं मिटू नगा" म्हणत धार धरली. मी खांबाला धरून उभा होतो. एक तांब्या पाणीसुद्धा मी ओतलं नाही. जी चुकवायची म्हणून हा सारा खटाटोप, त्याच बैलगाडीतून आप्पांना परभणीच्या दवाखान्यात नेलं.

घरी येऊन शब्दकोश काढला, ती ओळ लावली, आणि मला दरदरून घाम फुटला.

आठ दिवस पट्टी होती. आप्पा आंधळे झाले तर, ही एक भीती. आणि पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा माझंच तोंड त्यांना दिसलं तर, ही दुसरी. खरं सांगतो, कधी कधी दुसरी मोठी वाटायची. "खिडकी दिसायलीय," आप्पा म्हणाले तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो. डावा डोळा वाचला होता. उजव्यात मात्र कायमचं फूल पडलं, त्यानं पुन्हा दिसलं नाही.

त्यांनी काम सोडलं नाही. मी थाप मारली की मेव्हण्याला पत्र लिहून विचारलं, एक औषध आधी राळेत नीट घोटायचं, दुसरं मागून. आप्पा म्हणाले, "बरं. पर त्यो कागद अजून एकदा वाचा, मोठ्यानं." मी वाचला. दुसऱ्यांदाही ती ओळ गाळली. मडगार्ड झालं, दारांचे आतले तक्तेही झाले, मोटार परभणीपर्यंत धावू लागली. तेव्हापासून कुठलाही कागद असो, आप्पा मला तो दोनदा वाचायला लावायचे. मला वाटायचं, डोळ्यामुळे माणूस भित्रा झाला.

ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आपल्या दुखण्याच्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचून घेतली, दोनदा. मग हळूच म्हणाले, "मास्तर, खालची ती ओळ कवा वाचनार तुमी?"

मी बाटली खाली ठेवली.

"वाचता वाचता तुमी थांबला व्हता. मला दिसलं. तवा दोनी डोळे चांगले व्हते की माजे... पर मलाबी घाई लय व्हती, इचारलं न्हाई."

"उद्या येतो, तेव्हा वाचतो," एवढंच मला सुचलं. तिथेही मी उद्यावर ढकललं.

परवा पेडगावला गेलो. मोटार अंगणातच आहे. पत्रा गंजून गळालाय, काचेच्या कापडाचं मडगार्ड तेवढं शाबूत आहे. त्यावर हात ठेवून मी मोठ्यानं म्हटलं, दोन्ही बाटल्यांतली औषधं एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. दुसऱ्यांदा म्हणायला लागलो तेव्हा गिरजावहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, माझ्याकडेच बघत. या वेळी मी थांबलो नाही.