हुंगलेलं फूल

“मग आता दारोदार सांगत फिरू का, आमच्यात कुणी फुलं हुंगत नाय म्हणून?” गोजराबाईंनी सुनेला पुन्हा तेच विचारलं. छाया भाकरी थापत राहिली.

दुपारी तिचा नवरा ललित फुलबाजारातून माल परत घेऊन आला, तेव्हापासून हे चाललं होतं. ऐन श्रावणात, १९९७ साली, देवळांना हार पुरवणाऱ्या रंगनाथशेठने त्यांचा गुलाब नि मोगरा नाकारला. झेंडू तेवढा घेतला. तो कुणी हुंगत नाही म्हणून.

कारण होतं छायाची चित्रकथा. मुलांच्या एका मासिकात तिचा पहिला भाग छापून आला होता. त्यात देव संध्याकाळी देवळातून निघतो आणि मखमलाबादला, म्हणजे त्यांच्याच गावात, एका माळ्याच्या घरी येतो. घरातल्या मुलीला विचारतो, माझ्यावर एवढी फुलं पडतात, तुम्हीच पिकवता. वास कसा गं असतो? मुलगी म्हणते, ठाऊक नाही, देवाची फुलं हुंगायची नसतात. मग देव एक गुलाब स्वतः हुंगून तिला देतो, आणि तिने हुंगलेला मागून घेतो. बाजाराने त्यातलं एवढंच उचललं, की या मळ्यात फुलं हुंगतात आणि सुनेने ते छापूनही आणलं.

छाया देवळाली कॅम्पातली. तिच्या वडिलांचं रद्दीचं दुकान होतं. फौजींच्या बदल्या झाल्या, की त्यांच्या मुलांची चित्रकथांची पुस्तकं गठ्ठ्याने यायची. त्यातले देव पिळदार दंडांचे, डोक्यामागे पिवळं चक्र असलेले. राक्षस मेला की ते ढगात परत जायचे आणि पुस्तक संपायचं. छायाला वाटायचं, वर गेल्यावर संध्याकाळी हा काय करत असेल? याच्याशी बोलतं कोण? वडील म्हणाले, देवाला संध्याकाळ नसते. तिला ते पटलं नाही. ज्याला संध्याकाळ नाही, त्याला आपली काय सांगायची?

लग्न होऊन मळ्यात आल्यावर तिची संध्याकाळ फारच लांबली. पहाटेचा बाजार गाठायचा म्हणून ललित दिवे लागताच जेवून झोपायचा. बोलायचं राहून जाई ते ती खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर काढत बसे. तिचा देव हळूहळू बारीक होत गेला, खांदे पाडून चालायला लागला. कुणाकडे तरी घटकाभर बसायला निघालेला वाटायचा. मासिकाचा अंक आला तेव्हा तिने तो ललितच्या उशाशी ठेवला. त्याने तो उचलून खिडकीत ठेवला. तिने पुन्हा उशाशी ठेवला, तो पुन्हा खिडकीत गेला.

आज त्याने तो वाचला होता. शेठच्या गाळ्यावर, उभ्याने, चार लोकांसमोर.

“काय वाटलं?” तिने पाट मांडताना विचारलं.

“वाटायचं काय? माल परत आला.” तो पाटावर बसला. मग म्हणाला, “मी शेठला शब्द दिलाय. पुढचा भाग येणार नाही.”

गोजराबाई म्हणाल्या, देव पावला. कॅम्पातली पोरगी करू नका, असं आपण तेव्हाच म्हणत होतो, हेही त्यांनी सांगून घेतलं.

ललितने भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. “तो देव,” तो ताटाकडे बघत म्हणाला, “चालतो माझ्यासारखा.”

“हो.”

“का?”

“दुसरं कुणाला बघत असते मी? तेही जाताना. पाठमोरं.”

गोजराबाईंनी कपाळावर हात मारला. नवऱ्याला देव करणाऱ्या बाया पुष्कळ पाहिल्या, म्हणाल्या, देवाला नवरा केलेली ही पहिलीच.

ललितला हसू आलं. ते त्याने पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

छायाने तव्यावरची भाकरी उतरवली, चुलीतली लाकडं मागे ओढली आणि हात पुसले.

“पुढचा भाग जाणार,” ती म्हणाली. “आणि उद्यापासून पहाटे बाजाराला मीही येणार. शेठशी मी बोलेन. आई, सकाळचा चहा तुम्ही करून घ्या.”