शेवटच्या सरीपर्यंतची गॅरंटी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. भाऊरावांच्या दुकानात जळक्या मोटरींमधून काढलेली तांब्याची तार कोपऱ्यात पडायची, आणि एक दिवस बघावं तर गुडघ्याएवढा ढीग! किस्स्यांचंही तसंच झालं. एक सांगायला घेतला की चार ओढत येतात.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतली गोष्ट. वर्ध्यात माझं टायपिंग इन्स्टिट्यूट आणि भाऊंचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, मध्ये फक्त एक भिंत. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटरी जळायच्या, भाऊ त्या पुन्हा बांधून द्यायचे. दुकानाच्या दारावर दोन मोठे खिळे ठोकलेले होते, पण त्यांवर काहीच नव्हतं. एका मोठ्या पंप कंपनीची एजन्सी मिळाली की तिचा बोर्ड तिथं लागणार होता. भाऊ कित्येक वर्षं त्या बोर्डाची वाट बघत होते.

आणि दुकानात दिवसभर एकच इंग्रजी शब्द घुमायचा. गिऱ्हाईक मोटरला काय झालं ते नंतर सांगायचं. आधी विचारायचं, "गॅरंटी हाय ना जी?"

*

अल्लीपूरचा एक शेतकरी एसटीच्या टपावर मोटर टाकून आला. तिसऱ्यांदा जळलेली! आल्या आल्या म्हणाला, "भाऊ, या खेपेले पक्की गॅरंटी पायजे."

"तुमच्या गावात लाइट कशी येते?"

"मरतुकडी. बल्ब लावला तं निखाऱ्यावानी दिसते."

"मंग मोटरची गॅरंटी मी देतो, लाइटची तुमच्या लाइनमनले मागा!"

आम्ही सगळे हसलो. आठ दिवसांनी तो मोटर न्यायला आला, तर खरंच लाइनमनला सोबत घेऊन! "आणला जी. इच्यारा त्याले."

लाइनमन बिचारा खुर्चीवर अवघडून बसला. भाऊंनी त्याला चहा पाजला आणि हळूच विचारलं, "देता का गॅरंटी?"

"देतो ना," तो म्हणाला. "बंद राह्यची!"

*

मला शब्दांची फार हौस. एक दिवस मी डिक्शनरी काढली आणि गॅरंटीचे सगळे अर्थ कागदावर उतरवले. हमी, खात्री, भरवसा, जामीन, वचन, जबाबदारी. मोठ्या ऐटीत दुकानात जाऊन वाचून दाखवले.

नामदेव हा भाऊंचा कारागीर. तो तेव्हा तार गुंडाळत होता. माझं वाचन संपलं तसा तो थांबला आणि गुंडाळलेली सगळी तार मुकाट्यानं उलगडायला लागला.

"काय झालं रे?"

"मास्तरीणबाई, तुमच्या शब्दांपायी मी येढे मोजाचे चुकलो. शंभराच्या वर झाले होते."

मला ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, "अरे, एखादा वेढा इकडं तिकडं. अंदाजानं घे की!"

त्यानं माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "त्या यादीत अंदाज हाय का जी?"

मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

*

भाऊंची एक रीत होती, ती आख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाची नव्हती. मोटर बांधून झाली की ते स्वतः तिच्यासोबत विहिरीवर जायचे. बटन दाबलं, पाणी पडलं, की शेतकरी खूश! भाऊ मात्र चपला काढून वावराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहायचे. पाणी शेवटच्या सरीत आलं, त्यांच्या पायाला लागलं, की मग खिशातून ब्रश काढून मोटरवर लाल ऑइलपेंटनं गॅरंटी सुरू झाल्याचा महिना लिहायचे.

"पाइपातून पाणी पडलं म्हंजे मोटर चालली," ते म्हणायचे. "शेवटच्या सरीत आलं म्हंजे काम झालं."

या रीतीपायी एकदा घरी पंचाईत झाली. मोठ्या मुलीला बघायला पाहुणे आलेले आणि भाऊ नाचणगावच्या एका वावरात! पाणी निम्म्यात पोहोचलं अन् लाइट गेली. हा माणूस तिथंच बसून राहिला.

इकडे वहिनींची फजिती. पोहे झाले, चहा झाला, मुलगी बघून झाली. शेवटी मुलाच्या वडिलांनी विचारलंच, "यजमान कुठं हायेत?"

वहिनींनी खरं ते सांगून टाकलं. "शेवटच्या सरीत पाणी आलं का येतीन."

मुलाच्या वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मुलाला म्हणाले, "बस रे. आता जेवूनच जाऊ."

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं.

*

शेवटी एकदाचा कंपनीचा साहेब आला. नागपूरहून, इस्त्रीचे कपडे, चकचकीत बूट. एजन्सीचा अर्ज मीच चार वेळा टाइप केला होता, कार्बन घालून. आता फक्त करारावर सही राहिली होती. भाऊंनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात नाचणगावच्या अनुसयाबाई दारात. याच कंपनीची नवी मोटर, जळलेली! "भाऊ, वांगे सुकून राह्यले जी. कंपनीची गॅरंटी हाय म्हणे ना?"

भाऊ मला म्हणाले, "मास्तरीणबाई, गॅरंटीचं कलम वाचा बरं."

मी वाचलं. कमी व्होल्टेजनं मोटर जळली तर गॅरंटी लागू नाही. बाहेरच्या कारागिरानं मोटर उघडली तरी गॅरंटी संपली. एजंटानं यातलं काहीही झालेलं दिसलं तर मोटर हात न लावता परत पाठवायची.

"साहेब," भाऊ म्हणाले, "इकडं लाइट कमीच राह्यते. मोटर त्यानंच जळते. हे तुमाले माहीत हाय ना जी?"

"माहीत आहे. पण कंपनीचा नियम आहे."

"मंग तुमची गॅरंटी कायची हाय?"

भाऊंनी पेनाला टोपण लावलं आणि नामदेवला हाक मारली, "पान्हा आण. बाईची मोटर उघड."

साहेब कागद गोळा करून निघून गेला. एजन्सी स्टेशनाजवळच्या एका दुकानाला मिळाली. मला इतका राग आला! म्हटलं, "भाऊ, सही करून टाकायची होती. इतकी वर्षं वाट पाहिलीत ना!"

"केली असती," ते म्हणाले. "मंग अनुसयाबाईले काय सांगतलं असतं?"

बोलताना त्यांची नजर दारावरच्या त्या दोन खिळ्यांकडे गेली. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. मला अजूनही आठवलं की वाईट वाटतं.

*

पुढच्या उन्हाळ्यात एसटीतून एक मोटर आली, पोत्यात गुंडाळलेली. त्याच कंपनीची, रंगसुद्धा उडाला नव्हता. सोबत एक चिठ्ठी. भाऊंनी ती माझ्याकडे दिली. "चष्मा घरी राह्यला. वाचा बरं."

मी खाली आधी सही पाहिली. नागपूरच्या साहेबाची!

"भाऊराव, ही मोटर माझ्या वडिलांच्या विहिरीवरची आहे. कंपनीची गॅरंटी अजून सात महिने शिल्लक आहे. ती गेली तरी चालेल. मोटर तुम्हीच उघडा."

नामदेवचा हात तारेवर थांबला. भाऊंनी मला ती पुन्हा वाचायला लावली. मग त्यांनी पोतं सोडलं, मोटरवर हात फिरवला आणि नामदेवला म्हणाले, "यांच्या गावची एसटी कधी हाय, इच्यारून ठेवजो. विहिरीवर जा लागन."

"अन् या चिठ्ठीचं काय करू?" मी विचारलं.

"फाइलीले लावा."

"भाऊ, आपल्याकडं फाइल कुठं आहे?"

भाऊंनी मान वर केली आणि दारावरच्या दोन खिळ्यांकडे बोट दाखवलं.