सर रोवण्यात उतरले

"बहुत बढिया. आगे?"

समोरच्यानं काहीही सांगितलं तरी सरांचं उत्तर हेच. एखादं पोरगं धापा टाकत यायचं, "सर, दहावी पास झालो!" सर चष्मा कपाळावर सरकवायचे, त्याच्याकडे नीट बघायचे आणि म्हणायचे, "बहुत बढिया. आगे?" पोरगं डोकं खाजवायचं. दहावीच्या पलीकडे आणखी काही असतं, हे त्याला घरात कुणी सांगितलेलंच नसायचं. एकदा समोरच्या चहावाल्यानं लग्न ठरल्याचं सांगितलं, तर त्यालाही सरांनी हेच विचारलं. तो बिचारा लाजून आत पळाला.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. निवृत्त झाला तरी घरी स्वस्थ बसत नाही, आणि दुसऱ्यालाही बसू देत नाही. आमचे सर गोंदियाचे, भर बाजारातल्या घरात वाढलेले, बोलणं निम्मं मराठी आणि निम्मं हिंदी. ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले, आणि देवरीला एका छोट्या संस्थेनं वर्ग काढला तिथं येऊन बसले. वर्ग शनिवार-रविवारचा. आश्रमशाळेतली, जिल्हा परिषदेच्या शाळेतली, आसपासच्या जंगलपट्टीतली पोरं-पोरी यायची. त्यांना कॉलेजसाठी तयार करायचं, एवढंच काम. मी तिथं इंग्रजी शिकवायचे. अजूनही शिकवते.

गणित, इंग्रजी, विज्ञान हे सगळं होतंच, पण सरांचा जीव दुसऱ्याच तासात. त्या तासाला नाव नव्हतं. सर टेबलामागे बसून कॉलेजातले बाबू व्हायचे आणि खेकसायचे, "टाइम संपला, उद्या या!" पोरानं जागचं हलायचं नाही, कारण विचारायचं, असा नियम. पण पहिल्या वेळी सगळीच पोरं "बरं जी" म्हणून मागे फिरायची. सर टेबलावर हात आपटायचे. "बरं जी नाही! बरं जी म्हटलं की खतम!"

एक तास वसतिगृहावर व्हायचा. ताट कसं धुवायचं, खोलीतल्या मुलीनं न विचारता साबण घेतला तर भांडायचं की सोडून द्यायचं, असल्या गोष्टी. शेवटी सर म्हणायचे, "और हां, रडू येणार. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना येतं. बाथरूममध्ये रडायचं नाही, बाहेर लाईन लागलेली असते. गच्चीवर जायचं. रडून झालं की खाली यायचं आणि जेवायचं." पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या. मी दारात उभी असायचे. मला काही हसू यायचं नाही, कारण मी नागपूरच्या वसतिगृहात बाथरूममध्येच रडले होते, आणि बाहेर खरंच लाईन होती.

माणूस मात्र नखरेल. कडक इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले काळे बूट. देवरीच्या पावसाळ्यात काळे बूट, सांगा आता! वर्गात शिरण्याआधी पायरीवर उभं राहून काडीनं बुटांच्या तळाचा चिखल काढायचे. पोरांच्या घरी गेले की लोक खाट टाकायचे, आणि सर तिच्यावर आपला रुमाल अंथरून मग बसायचे. मला भयंकर राग यायचा. एकदा मी बोललेच, "सर, लोकांना वाईट वाटतं हो."

"लोकांना नाही वाटत, मॅडम. तुम्हाला वाटतं."

खरंच होतं ते. शहरातला माणूस असाच असतो, हे लोकांनी कधीच गृहीत धरलं होतं.

त्या वर्षी वर्गात करिश्मा होती. बाप गोंदियाला राइस मिलमध्ये हमाल, माय गावात मजुरीला. पोरगी कमी बोलायची, पण जीवशास्त्राचं पुस्तक तिला तोंडपाठ. दर रविवारी ती सरांच्या पाया पडायची आणि दर रविवारी सर ओरडायचे, "पाय काय शिकवतात? बस खाली!" ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा पडायची.

बारावी झाली. गोंदियाच्या एका कॉलेजात बीएस्सीला तिचं नाव लागलं, मुलींच्या वसतिगृहातही लागलं. वसतिगृह मिळालं म्हणून कॉलेज, नाहीतर तिच्या गावाहून रोज गोंदियाला जाणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. आम्ही पेढे वाटले. मग सरांनी जागा पक्की करायची शेवटची तारीख बघितली आणि चष्मा कपाळावर सरकवला. तारीख भर रोवण्यात आली होती.

आमच्याकडे रोवणा म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, उपटून शेताच्या चिखल केलेल्या तुकड्यात, बांधीत, एकेक करून लावायचे. चिखल करणं, पऱ्ह्यांच्या जुड्या वाहणं ही पुरुषांची कामं. ओळीत वाकून रोवायचं ते बायकांनीच. बायकांच्या टोळ्या असतात, ओळीत प्रत्येकीची जागा ठरलेली असते. टोळीनं शेतकऱ्याला शब्द दिला की एकही बाई कमी झालेली चालत नाही. कुणाला जायचंच असेल तर तिनं आपल्या जागी बदली द्यायची. आणि भर रोवण्यात बदली मिळणं म्हणजे देव भेटणं. सगळ्या गावाचे हात चिखलात असतात.

करिश्मा आणि तिची माय एकाच टोळीत होत्या. टोळीची मुकादम एक म्हातारी, सगळे तिला आजी म्हणायचे. सर आणि मी तिच्या अंगणात गेलो. सरांनी एका दिवसासाठी करिश्माला सोडायची विनंती केली.

"नाही जी," आजी म्हणाली. "एकीले सोडलं का दुसरी बी मांगते. मंग रोवणा कोण करन? तुमी?"

"हां," सर म्हणाले. "मी करतो."

मला हसू फुटलं. आजी हसली नाही. तिनं सरांना बुटांपासून चष्म्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "सकारी या मंग."

मी गेले असते हो ओळीत. पण करिश्माच्या बापानं फोनवर बजावलं होतं, पोरीसोबत बाईमाणूस पाहिजे. तेव्हा मी तिच्यासोबत गोंदियाला जायचं आणि सरांनी बांधीत उतरायचं, असं ठरलं. अशी वाटणी मी जन्मात पाहिली नव्हती.

सकाळी करिश्मा आणि मी फाट्यावर बसची वाट बघत उभ्या होतो. शेत तिथंच, रस्त्याला लागून. सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आले. बूट धुऱ्यावर, शेताच्या बांधावर ठेवले, बुटांखाली रुमाल. मग एक पाय चिखलात घातला, "अरे बापरे" म्हणाले, आणि दुसरा घातला. बायका हसून हसून बेजार. कुणी म्हणालं, "सरजी, लुगडं देऊ का?"

रोवताना माणूस मागे सरकतो, म्हणजे लावलेलं पायाखाली येत नाही. सरांना हे कुणी सांगितलं नाही. ते लावत लावत पुढे निघाले आणि आपलेच पऱ्हे तुडवत गेले. आजी ओरडली, "मागं जी, मागं! पुढं कायले चालले?" सर गोंधळून वळले, तोल गेला आणि बसलेच चिखलात. इस्त्रीचा शर्ट गेला.

तेवढ्यात बस आली. करिश्मानं पायरीवर पाय ठेवला, मान वळवून शेताकडे बघितलं, आणि उतरली. कंडक्टर म्हणाला, "बसता का नाही जी?" ती तोवर धुऱ्यावरून पळत सुटली होती. बस गेली. मी तिचे सगळे कागद छातीशी धरून मागून पळाले.

ती कपड्यांसकट बांधीत शिरली आणि सरांच्या हातातली जुडी धरली. "सर, तुमी बाहेर या. मी नाही जात."

"सोड!"

"तुमी माह्यासाठी चिखलात बसले. मले पाप लागन."

"पाप?" सर असे ओरडले की बायकांचं हसणं थांबलं. मी त्यांना चिडलेलं खूपदा पाहिलं होतं, पण असं नाही. त्यांचा आवाज फाटला होता. "तू इथं वाकलीस तर मला लागेल पाप! तू नाही गेलीस तर मी उद्या येईन, परवा येईन, अख्खा रोवणा करीन. करू दे मला!"

दोघं एकच जुडी ओढत होते. पऱ्हे तुटून पाण्यावर तरंगायला लागले. करिश्माची माय नुसती उभी होती, पदराचा बोळा तोंडात धरून.

आजी चालत आली. तिनं दोघांच्या हातांतून जुडी काढून घेतली. "सर, तुमी अख्खा रोवणा केला तं त्या मालकाच्या घरी यंदा भात नाही शिजणार," ती म्हणाली. मग बायकांकडे वळली. "हिची जागा रिकामी सोडा. इकडून तू हात लांबव, तिकडून मी लांबवतो. रोवणा थांबत नाही." आणि करिश्माला म्हणाली, "उभी काऊन हायस? जाय ना बाई!"

बायका आपापल्या जागी जाऊन वाकल्या.

पुढची बस उशिरा मिळाली. सरही चढले, बूट हातात, पाय तसेच. गोंदियाला कॉलेजात पोचलो तेव्हा खिडकी बंद होत होती. आतला माणूस म्हणाला, "टाइम संपला, उद्या या."

करिश्मानं खिडकीच्या फळीवर हात ठेवला. तिच्या मनगटापर्यंत सुकलेला चिखल होता. "उद्या काऊन जी? शेवटची तारीख आज हाय. मी इथंच उभी राहतो."

सर भिंतीला टेकून उभे होते. तोंडातून एक शब्द काढला नाही, आणि मला माहीत आहे, त्यांना ते किती जड गेलं असेल. त्या माणसानं करिश्माकडे बघितलं, तिच्या हाताकडे बघितलं, आणि कागद आत घेतले. जागा पक्की झाली.

त्याच हिवाळ्यात सर गेले. झोपेतच गेले. गोंदियाला घरासमोर इतकी पोरं जमली की शेजाऱ्यांना कळेना हा माणूस होता तरी कोण. करिश्मा वसतिगृहातून आली होती. एका कोपऱ्यात उभी राहून ती मोठ्यानं रडली, आणि मीही रडले. सरांचा मला राग यायचा हे मी वर लिहिलंच आहे. त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त माया होती, तेही लिहून ठेवते.

यंदा जुलैत वर्गाला जाताना माझी बस त्या फाट्यावर थांबली. रोवणा चालू होता. बायकांची ओळ वाकलेली होती आणि ओळीत मध्येच एक जागा सुटलेली, थोडं पुढे आणखी एक. मला वाटलं टोळी मोडली. मी खिडकीतून ओरडले, "आजी, बाया कमी पडल्या का?"

आजीनं कंबरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. "नाही जी. पोरी कॉलेजले गेल्या. जागा त्याइचीच हाय, कोणाले देल्ली नाही."

सर पाहिजे होते तिथं. बस सुटेपर्यंत मी बघत राहिले. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या बायका हात लांबवून पऱ्हे लावत होत्या आणि ओळ मागे सरकत होती. मधली जागा मोकळीच होती, पण तिच्यापुढची बांधी हिरवी होत चालली होती.