जाहिरातीतले हात

घाटकोपरच्या वस्तीतली दर्शना तायडे ज्यूसवाल्यांनी फेकलेल्या संत्र्यांच्या साली गोळा करायची. वस्तीतल्या बायका त्या गच्चीवर वाळवून दळायच्या आणि ती पूड चेहऱ्याचा लेप बनवणारी एक कंपनी न्यायची. सालींच्या आंबट रसाने सगळ्यांच्या बोटांची कातडी सोलवटली होती. भाकरी थापताना दर्शनाच्या डोळ्यांत पाणी यायचं. हातमोजे द्या, असं ती कंपनीला उन्हाळ्यापासून सांगत होती.

त्या दिवशी कंपनीचा सौरभ जाहिरातीचं शूटिंग करायला आला. दर्शनाचे हात कॅमेऱ्यात पाहून त्याने तोंड वाकडं केलं. "ताई, चेहरा तुमचाच घेऊ, पण हात हिचे," असं म्हणून त्याने सोबत आणलेल्या एका नाजूक हातांच्या मुलीला पुढे केलं. कॅमेरा सुरू होईपर्यंत साली लागून तिचे हात खराब होऊ नयेत म्हणून त्याने पिशवीतून मोजे काढून तिला दिले.

दर्शनाचं डोकंच सणकलं. "हिच्यासाठी लगेच मोजे निघाले. आमची कातडी काय रस्त्यावर पडलीय?"

"ताई, शूट होऊ दे ना, मग बोलू."

"आता आधी मोजे."

तिने चक्की बंद केली. बाकीच्या बायकाही हातातलं काम टाकून उठल्या. सौरभने फोनवर फोन केले, तेव्हा कुठे दुपारी खोकंभर मोजे आले.

"आता खूश ना? चला, चेहरा घेऊ," तो हसत म्हणाला.

बायकांना मोजे वाटता वाटता दर्शनाने मान वर न करताच सांगितलं, "चेहरापण तिचाच घे."