होडीतला खळगा

आमचे वेनबो भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. थडग्याचे दगड कोरणारा असा हात चीनच्या अख्ख्या छुआनचौ बंदरात नव्हता, पण हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. आधीच स्वारी हवेत असायची! हजार हजार कोसांवरून आलेल्यांचे दगड यांनी कोरले, आणि हे स्वतः नदीच्या मुखापलीकडे गेले नाहीत. होडीत पाय ठेवला की ओकाऱ्या. बरं, जे कोरायचे त्यातलं अक्षर वाचता येईल तर शपथ. परदेशी माणसं कागदावर लिहून आणायची, भावोजी तो कागद खळीनं दगडावर चिकटवायचे आणि रेघेरेघेनं छिन्नी चालवायचे.

"भावोजी, कुणी शिव्या लिहून दिल्या तरी कोराल की हो!"

"कोरीन. पण सुबक कोरीन, वहिनी."

माझं पेजेचं दुकान त्यांच्या कामाच्या पडवीला लागूनच. तिथे रोज सकाळी दोन म्हातारे येऊन बसायचे. बख्तियार होर्मुझहून समुद्रानं आलेला, अत्तरं विकायचा. डेन्हा वाळवंट तुडवून आलेला, क्रूसवाल्यांच्या देवळात घंटा वाजवायचा. त्याला समुद्राची इतकी धास्ती, की खिडकीकडे पाठ करूनच बसायचा. नऊ वर्षं दोघांचं भांडण एकच, कुणाची वाट जास्त कठीण.

"चौदा महिने!" बख्तियार म्हणायचा. "जिकडे बघावं तिकडे पाणी, आणि प्यायच्या पाण्यात अळ्या. फडक्यातून गाळून प्यायलो."

"तुला अळ्या तरी मिळाल्या. मला तंबूवाल्यांनी घोडीचं आंबलेलं दूध पाजलं. नको म्हटलं तर सुरी काढतात, घेतलं तर आणखी ओततात!"

"प्यायलास ना? मग रडतोस कशाला?"

"रडत नाही. चव आठवतेय."

भावोजी मध्ये पंच. "आज समुद्र जिंकला," नाहीतर "आज वाळू," असं म्हणून उठायचे. एकदाच त्यांनी निकाल दिला नाही. वाळूत रात्री हाका ऐकू येतात, त्या हाकेमागे आपला भाऊ गेला तो परत आलाच नाही, असं डेन्हानं सांगितलं तेव्हा. बख्तियारनं आपल्या वाडग्यातली कालवं वेचून त्याच्या वाडग्यात टाकली. पेजेची आणखी एक पळी मी फुकट वाढली. मी, म्हणजे बघा.

त्या थंडीत बख्तियार खोकल्यानं आडवा झाला. जायच्या आदल्या दिवशी भावोजींचा हात धरून म्हणाला, "माझा दगड तूच कोर, वेनबो. चाळिसाव्या दिवसाच्या आत उभा कर. इथे माझं नाव सांगायला तेवढाच राहील."

भावोजींच्या डोळ्यांत तेव्हाच पडदा उतरायला लागला होता. दगडाला नाक लावून काम करायचे. सदतीस दिवस कुणाला पडवीत फिरकू दिलं नाही. अडतिसाव्या दिवशी मशिदीतले काझी दगड बघायला आले. हिरवट काळा दगड, वर ढग, मध्ये मजकूर, खाली शिडाची होडी. आणि होडीत, पुढच्या टोकापाशी, बोटाएवढा बख्तियार. तोच तिरका फेटा, तेच केवढं थोरलं नाक. मला हसू आलं आणि लगेच बाही डोळ्यांना लावावी लागली.

काझींनी वाकून होडी निरखली. मग हळूच म्हणाले, "उस्ताद, हात सोन्याचा आहे तुमचा. पण आमच्यात थडग्यावर माणूस कोरत नाहीत. हा दगड मला उभा करता यायचा नाही."

मी पुढे झाले. "अहो काझीसाहेब, एवढासा तर आहे!"

"ताई, माणूस लहान असला तरी माणूसच."

ते गेल्यावर मी भावोजींवर घसरले. "तीस वर्षं त्यांचे दगड कोरताय, एवढं ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं."

"मग?"

"दफनाच्या त्या टेकडीवर सगळे दगड अक्षरांचे, वहिनी. मला वाचता कुठे येतंय? चिंगमिंगच्या सणाला सगळे आपापल्या माणसांची थडगी झाडायला जातात. त्याचं मी कशावरून ओळखू?"

मी डेन्हाला बोलावून आणलं.

दुसरा दगड कोरायला दिवस नव्हते, डोळेही नव्हते. राहिला उपाय एकच. डेन्हानं दिवा धरला, मी दगड घट्ट धरला, आणि भावोजींनी स्वतःच्या हातानं बख्तियारला खरवडून काढला. आधी फेटा, मग खांदे. नाकापाशी आल्यावर छिन्नी थांबली.

"काढ," डेन्हा म्हणाला. "नाव उभं राहायला हवं त्याचं. नाक माझ्या दगडावर लाव."

"तुझ्या?"

"आमच्यात देवदूत चालतो. पंख कोर, खाली कमळ कोर, आणि नाक त्याचं लाव. मेल्यानं नऊ वर्षं हार मानली नाही. शेवटी माझ्याच डोक्यावर येऊन बसू दे."

भावोजी हसले, आणि हसता हसता उरलेलं नाक उडवलं. होडी रिकामी झाली. माणूस होता तिथे अंगठ्याएवढा खळगा राहिला. चाळिसाव्या दिवशी काझींनी दगडावरून हात फिरवला. तो खळग्यापाशी अडला. त्यांनी भावोजींकडे पाहिलं, मान हलवली, आणि दगड उभा राहिला.

डेन्हा दोन हिवाळ्यांनी गेला. त्याचा देवदूत भावोजींनी जवळजवळ आंधळेपणी, बोटांनी चाचपून कोरला. क्रूसवाल्यांच्या पुजाऱ्यानं विचारलंही, "देवदूताचं नाक एवढं कसं?" मीच पुढे होऊन सांगितलं, "लांबून आलाय ना, वाऱ्यानं सुजलंय."

आता दर चिंगमिंगला मी भावोजींना हाताला धरून टेकडीवर नेते. वरच्या अंगाला एका होडीत त्यांचा अंगठा बरोब्बर बसतो. तिथलं गवत ते स्वतः उपटतात. मग खालच्या अंगाला उतरून देवदूताचं नाक चाचपतात.

यंदा मी विचारलं, "काय पंच, आज कोण जिंकलं?"

भावोजींनी नाकावरची धूळ बाहीनं पुसली.

"भांडण चालू आहे, वहिनी. मध्ये बोलू नका."